कपाटात मावेल अशी दुर्बीण

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाजारातले वजनकाटे तपासले. एका दुकानदाराचा काटा हलका निघाला, त्याला नोटीस दिली. घरी येऊन अंडं उकडलं, ब्रेडबरोबर खाल्लं.

लेकीचा फोन. पंधरा तारखेला रविवारी येते म्हणाली. आईचं कपाट आवरून टाकू, वर्ष होत आलं बाबा, कपडे नुसते पडून आहेत, कुणाच्या तरी अंगाला लागतील. मी म्हटलं, कपाट लागणार आहे, मी दुर्बीण घेतोय. ती म्हणाली, कसली? म्हटलं, आकाश बघायची. लहान, उचलून नेता येणारी, नवशिक्यासाठी असते तशी.

हे आयत्या वेळी सुचलं असं तिला वाटलं असेल. तसं नाही. विचार कधीपासूनचा आहे. बोललो आज, इतकंच.

दुर्बीण कोणती ते ठरल्याशिवाय किती जागा लागेल ते कळणार नाही. जागा कळल्याशिवाय कपाट आवरण्यात अर्थ नाही. तिला हे पटलं. निदान ती काही बोलली नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मधला कप्पा मोजला. रुंदी तीस इंच, उंची चौदा, खोली सात. तीनदा मोजला. स्टीलची टेप, ऑफिसात तपासून घेतलेली. माझी नोकरीच वजनमापांची, मापात चूक व्हायची नाही.

बजेट बेताचं. दर्जाशी तडजोड नाही. सात इंचांशी तर नाहीच.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी

चष्मेवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानात वरच्या फळीवर दुर्बिणी असतात हे मला माहीत होतं. बायकोचा वाचायचा चष्मा तिथलाच. त्याने वहिनी कशा आहेत म्हणून विचारलं. बऱ्या आहेत म्हटलं. गिऱ्हाईक ताटकळत होतं, उगाच लांबण कशाला.

त्याने आधी भिंगाची दाखवली, तीन पायांच्या स्टँडवाली. खोक्यावर ‘५२५ पट मोठं दिसेल’ असं छापलेलं. म्हणाला, साहेब, तो आकडा वाचूच नका, तो खोकं विकण्यासाठी असतो. भिंगाची रुंदी बघा आणि स्टँड हलतो का ते बघा. मी टेकलो. हलला.

मी पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढून नळी टांगली. तो म्हणाला, भोपळा घ्यायला आलात का?

मग आरशाची दाखवली. आखूड, जाड नळी, खाली लाकडी बैठक. स्टँड नाही. स्टुलावर ठेवायची आणि बघायचं. नवीन माणसाला हीच, म्हणाला, काखेत मारा आणि गच्चीवर जा. वस्तू चांगली आहे, नाकारण्यासारखं काही नाही. फक्त बैठक अकरा इंच.

कपाटात मावत नाही म्हटलं. तो म्हणाला, मग पलंगाखाली ठेवा! पलंगाखाली धूळ असते, हे भिंगाचा धंदा करणाऱ्या माणसाला मी सांगायचं?

९ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी

कपाटाचं दार पुन्हा आपोआप उघडलं. रोज या सुमारास उघडतं. आधी कुरकुर, मग वीतभर फट. बरेच दिवस चाललंय.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. जमिनीला उतार असणार. ऑफिसातून पाणसळ आणून ठेवली. बुडबुडा मधोमध. म्हणजे उतार नाही, बिजागरी सैल आहे. फटीत कागदाची घडी खोचली.

ऑफिसातून आल्यावर दाराची कुरकुर ऐकून मी ‘आलो’ म्हणतो, असं आज लक्षात आलं. ती सवय आहे, त्यात काही नाही. बंद केली पाहिजे. उद्यापासून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या ऑफिसातल्या कारकुनाला सगळे ब्रह्मांड म्हणतात, कारण त्याला ब्रह्मांडातलं सगळं कळतं. दुर्बिणीचं कानावर गेल्याबरोबर खुर्ची ओढून बसला. म्हणाला, दुर्बीण कसली घेताय, आधी द्विनेत्री घ्या. दोन्ही डोळ्यांनी बघायची. स्वस्त, हलकी, खिळ्याला टांगली की झालं. कपाटसुद्धा नको.

मी विचार करतो म्हटलं. दुपारभर केला. द्विनेत्री सात इंचांत बसते. वजनात बसते. बजेटमध्ये तर फारच बसते.

नको. इतकं सोपं असतं तर सगळ्यांनीच घेतली असती. आणि खिळ्याला टांगलेली वस्तू बघून लेक काय म्हणेल ते मला माहीत आहे.

ब्रह्मांड जाता जाता म्हणाला, घरी कुणी बोलायला नसलं की असले छंद बरे. म्हटलं, तसं काही नाही.

घरी आलो. ‘आलो’ म्हणालो नाही. मग पाणी प्यायल्यावर म्हणालो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कागद खाली पडला होता. दार वीतभर उघडं.

आतून डांबरगोळ्यांचा वास येतो आणि त्याखाली तिच्या हँडक्रीमचा. वास म्हणजे सूक्ष्म कण. कपड्यांत कण आहेत तोवर येणार, त्यात गूढ काही नाही. हे लिहायला म्हणून स्टूल कपाटासमोर घेतलं. इथे उजेड बरा पडतो.

भिंगाची की आरशाची, दोन्ही बाजू मोठ्याने मांडल्या. मोठ्याने बोललं की विचार नीट होतो. भिंगाची पुसायला सोपी, पण स्टँड लटपटतो. आरशाची भक्कम. तिला आरशाचीच पटली. म्हणजे मला पटली.

पण सात इंच. बाजारात सात इंचांत बसणारी बरी दुर्बीण नाही, हे आता सिद्ध झालं. लेकीला तसं स्वच्छ सांगायचं: शोध चालू आहे, तोवर कपाटाला हात नको.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेक आली. येताना रिकामी खोकी घेऊन आली, घडी केलेली. चहा झाला. मी सगळं सांगितलं: मापं, वजनं, चष्मेवाला, अकरा इंच. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, टेप द्या.

कप्प्यात हात घातला. स्वेटर आणि शालींच्या घड्या बाजूला सारून हात पार मागच्या फळीला टेकवला. अठरा इंच, म्हणाली.

म्हटलं, शक्य नाही, मी तीनदा मोजलंय. म्हणाली, बाबा, तुम्ही आईच्या कपड्यांपासून पुढचं मोजलंत. कपडे धरलेच नाहीत.

मी म्हटलं, आमच्यात निव्वळ वजन असतं, डबा वजा करून. तशी ही निव्वळ जागा. ती हसली. म्हणाली, लोकांना नोटिसा देता आणि स्वतः अकरा इंच मारता? मग स्वयंपाकघरात गेली आणि दोन कप धुवायला नळ बराच वेळ सोडून ठेवला.

निघताना चपला घालत म्हणाली, ठेवायचे तर ठेवा हो, मी काही बोलणार नाही. पण दुर्बिणीच्या नावावर नको. खोकी खुर्चीवर ठेवून गेली.

चूक नव्हती. पद्धतीतला फरक होता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रजा घेतली. आरशाची घेतली. चष्मेवाला म्हणाला, काय, कपाट वाढलं वाटतं? होय म्हटलं. त्याने पुन्हा वहिनींचं विचारलं. या वेळी सांगितलं. तो काउंटरमागून बाहेर आला आणि दुर्बीण रिक्षापर्यंत उचलून दिली. मला एकट्याला उचलता आली असती, तिचं वजन मी मुद्दाम करून घेतलंय.

दुपारी खोकी भरली. तीन झाली. दुसऱ्याला वेळ लागला, चिकटपट्टी धड चिकटत नव्हती. संध्याकाळी वृद्धाश्रमाची गाडी आली. गाडीवाला म्हणाला, काका, हलकीच आहेत की, मी नेतो. खालपर्यंत मीच नेली.

दुर्बीण मधल्या कप्प्यात बसली. दोन्हीकडे भरपूर जागा उरली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी

दार उघडलं नाही. स्टुलावर थांबून पाहिलं. बिजागरी ठीक आहे. वरखालच्या कप्प्यांतले कपडे आतून दाराला रेटत होते, एवढंच होतं. मी म्हणतच होतो की याला काहीतरी साधं कारण असणार.

दार हाताने वीतभर उघडून ठेवलं. बंद हवेत आरशाला बुरशी धरते, असं माहितीपत्रकात आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आभाळ आज स्वच्छ. दिवेलागणीला दुर्बीण काखेत मारून गच्चीवर गेलो. स्टूल, दुर्बीण, सगळं एका खेपेत. अर्धा चंद्र डोक्यावर होता. सापडायला वेळ लागला, कारण डावीकडे सरकवलं की तो उजवीकडे पळतो. सापडला. मग जास्त ताकदीची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली.

खड्डे दिसतात. कडेला सावल्या दिसतात, अगदी धारदार. इतकं स्पष्ट दिसेल असं वाटलं नव्हतं.

मी बाजूला झालो आणि म्हटलं, बघ.

स्टुलापासून दोन पावलं मागे उभा राहिलो. आपण मध्येमध्ये केलं की दुसऱ्याला नीट बघता येत नाही. शेजारच्या इमारतीत कुणाच्या तरी घरी दिवा लागला. घाई केली नाही.

परत डोळा लावला तर काळोख. चंद्र निघून गेला होता. पृथ्वी फिरते, म्हणून त्याच्यामागे नळी सारखी सरकवत राहावी लागते. बघणारा सरकवतो. हे माहितीपत्रकात आहे, मी वाचलेलं आहे.

पुन्हा शोधला नाही. खाली आलो. उद्या तपासणीला बाहेर जायचंय. इस्त्री तापत ठेवली, शर्टावर पाणी शिंपडलं. आधी पाठ केली, मग बाह्या. कॉलर राहिली होती, ती शेवटी केली.