शुद्धीवर होते ते

प्रिय हारुओसान,

परवा तुम्ही दुभाष्याला घेऊन धरमपेठेत आमच्या घरी आलात आणि विचारलंत, "महायुद्धात ब्रह्मदेशात पकडले गेले तेव्हा माझे वडील बेशुद्ध होते ना?" मी "हो" म्हटलं. तुमचा चेहरा उजळला. शरण आलेल्याचं गावात तोंड बघत नसत, हे तुम्हीच सांगितलंत.

पण माझे बाबा, देवाजी, तिथे इंग्रजांच्या फौजेत, जपानी कैद्यांच्या पहाऱ्यावर होते. ते सांगायचे, तुमचे वडील हात वर करून स्वतःच्या पायांनी झाडीतून बाहेर आले. मग लाजेनं अन्नाला शिवेनात. छावणीतल्या दुभाष्याला नाव खोटं सांगितलं, घरी कळवू नका म्हणाले. गोळी घाला, अशा खुणा करायचे. शेवटी बाबा भाताची थाळी घेऊन समोर बसले.

"काहून मरतं गा? खाऊन घे."

भाषा कळली नसेल, पण रडत रडत त्यांनी घास घेतला.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या तुमचं समाधान मला मोडवत नाही, म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही. पण बेशुद्ध माणूस काही ठरवत नसतो, हारुओसान. तुमच्या वडिलांनी जगायचं ठरवलं, म्हणून लढाईनंतर तुम्ही जन्मलात.

देवाजींची मुलगी,
विशाखा मेश्राम