हे मशीन बंद करू नये

रविवार, १५ तारीख

तीर्थरूप आत्या,

तुझ्या उघड्या डोळ्याला आणि पट्टीखालच्या डोळ्यालाही माझा नमस्कार. थेंब वेळेवर पडताहेत ना? वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि चिडायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. पहिल्या दोन गोष्टी ताई सांभाळेल. तिसरीसाठी मी हे पत्र जमेल तितक्या सावकाश लिहिते आहे. (ताई, तू आत्याला हे वाचून दाखवणार, तेव्हा कंसातलं सगळं तुझ्यासाठी. ते मनात वाच. आधी तुझ्या आईला खुर्चीत नीट टेकून बसव.)

सगळ्यात आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. मंगळवारी मी लिहिलं होतं, "ऑफिसच्या सर्व्हरची साफसफाई झाली, तुझं सगळं जसंच्या तसं आहे, काळजी नसावी." साफसफाई झाली हे खरं. ती मी केली, हे लिहायचं राहिलं. "सगळं" हे जरा जास्त झालं. "जसंच्या तसं" हे मला मनापासून खरं वाटत होतं, बुधवारी दुपारी तीन वाजेपर्यंत. आणि "काळजी नसावी" हे पत्रात लिहितात म्हणून लिहिलं. (इथे ती "म्हणजे काय झालं?" म्हणेल. थांबू नकोस.) फोन का केला नाही, असंही विचारशील. फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि तू बोललीस की माझ्या तोंडून "काही नाही गं, सहज केला" असं निघतं. कागदावर मला कोणी अडवत नाही, म्हणून खरं लिहिता येतं. मंगळवारचं पत्र याला अपवाद.

गेल्या वर्षी साहेबांनी छापखान्यात सगळ्यांना नवी मशीन दिली, ते आठवतं ना? तू एक दिवस तुझ्या नव्या मशीनपुढे बसलीस, रिकाम्या पडद्याकडे बघितलंस, "हे माझं घर नव्हे, ही लॉजची खोली आहे" म्हणालीस आणि उठून मागच्या खोलीतल्या जुन्या मशीनकडे गेलीस. सगळे हसले. मीही हसले, आणि वर समजावून सांगितलं, की आत्या, आपल्याकडे प्रत्येकाचं सामान फिरतं असतं. कुठल्याही मशीनवर आपलं नाव सांगितलं, की आपल्या फायली, आपली चित्रं, कुठली फाईल कुठल्या कोपऱ्यात ठेवलीय ती मांडणी, सगळं सर्व्हरच्या कपाटातून तिथे येतं. जाताना लॉग ऑफ केलं, की आवरून परत कपाटात जातं. तू म्हणालीस, "मग माझं का नाही आलं?" मी म्हणाले, "येईल, वाटेत असेल." आत्या, ते वाटेत नव्हतं. ते येणारच नव्हतं. जुन्या मशीनमधली सिस्टीम वेगळी, नव्यातली वेगळी, एकीचं सामान दुसरीत मावत नाही. म्हणून सर्व्हर एकाच माणसाची दोन कपाटं करतो. जुन्या मशीनच्या कपाटावर नुसतं नाव, नव्याच्या कपाटावर नाव आणि पुढे "व्ही सहा" अशी शेपटी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात होतं, पण एकशे ब्याऐंशीव्या पानावर, आणि कुठला शब्द कुठल्या पानावर ते सांगणारी, तू करतेस तशी सूची त्या पुस्तकाला नव्हती. (हे वाक्य दोनदा वाच. तिला बरं वाटेल.)

तर सोमवारी साहेब म्हणाले, "सर्व्हरवर जागा उरली नाही. जुनंपानं काढून टाक." मी बघितलं, तर तुझ्या नावाची दोन कपाटं. शेपटीवाल्यावर ताजी तारीख, तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. (त्या दिवशी मीच तिला हात धरून नव्या मशीनवर बसवलं होतं, दहा मिनिटं.) बिनशेपटीच्या कपाटावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख. आठ महिने ज्याला हात लागला नाही ते जुनं, असं मी ठरवलं. उघडून बघितलं नाही, कारण दुसऱ्याच्या फायली उघडू नयेत असं मला वाटतं. पुसताना मात्र तसं वाटलं नाही. माझ्या प्रामाणिकपणाला असं मधेच भोक आहे, हे मला या आठवड्यात कळलं.

बुधवारी तीन वाजता गांडुळांवर चार खंड लिहिणाऱ्या आपल्या प्राध्यापकांचा फोन आला. दर बुधवारी येतो तसाच. "माझी सूची कुठवर आली?" मी म्हणाले, बघून सांगते, आणि पाहते तर सर्व्हरवर उरलेल्या शेपटीवाल्या कपाटात तुझं काहीही नाही. चार खंडांची, सात वर्षांची सूची नाही. "हेच", "हेच खरं", "हे नाही", "हे नाहीच" या नावांच्या तुझ्या फायली नाहीत. तुझ्या पडद्यावरचं कुत्र्याचं चित्रसुद्धा नाही. प्राध्यापक म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "चौथ्या खंडात आहे, सर." हे खोटं नव्हतं. कुठे आहे एवढंच मला माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, "बाईंना सांगा, त्यांचं नाव पहिल्या पानावर माझ्या नावाखाली घ्यायला लावलंय. सूचीवाल्याचं नाव कुणी घालत नाही, पण मी भांडलो." मला ते आधीच माहीत होतं, पण त्या क्षणी परत ऐकायला नको होतं. महिनाअखेर तू निवृत्त होणार. हे तुझं शेवटचं पुस्तक आणि नाव छापून येणारं पहिलं.

सर्व्हरच्या सगळ्याची एक नक्कल आपण वेगळ्या डिस्कवर ठेवतो. ती काढली. त्यात तुझं कपाट मिळालं, पण आठ महिन्यांपूर्वीचं. दुसऱ्या खंडाच्या शेवटापर्यंत सगळं आहे. तिसरा नाही, चौथा नाही. मला कळेना, की रोज काम करणाऱ्या बाईच्या कपाटावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख कशी? म्हणून मागच्या खोलीत गेले. तुझ्या जुन्या मशीनचा पडदा काळा. पडद्याचं बटण दाबलं, तर लगेच उजाडलं, आणि वर लिहिलेलं, की हे मशीन तू कुलूप लावून ठेवलं आहेस. आत्या, तू रोज संध्याकाळी फक्त कुलूप लावून, पडदा बंद करून घरी जात होतीस! आठ महिन्यांत एकदाही लॉग ऑफ केलं नाहीस, म्हणून आठ महिन्यांत एकदाही सामान कपाटात गेलं नाही. आम्हा सगळ्यांना "उठताना टेबल आवरून उठा" असं शिकवणारी तू न आवरता उठत होतीस, आणि नेमकं त्यामुळेच तिसरा-चौथा खंड अजून जिवंत आहे. त्या एका मशीनमध्ये. जगात दुसरीकडे कुठेही नाही. (पाणी दे तिला. मीही पिऊन येते.)

आता तू म्हणशील, मग काढून घे. काढता येत नाही. पासवर्ड फक्त तुला माहीत. मी माझ्या अधिकाराने कुलूप उघडलं तर जुनी सिस्टीम आधी तुला बाहेर काढते, म्हणजे लॉग ऑफ. आणि माझ्या आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने नियम करून ठेवलाय, की माणूस बाहेर पडला की सामान कपाटात पाठवायचं आणि खोली धुऊन काढायची, म्हणजे मशीनमधलं सगळं पुसायचं. कपाट मी पुसलं. वर सर्व्हर त्या जुन्या मशीनशी गेल्या आठवड्यापासून बोलतच नाही. मग सामान पोचलं नाही तरी खोली धुतली जाईल का? मी दोन जाणकारांना विचारलं. एक म्हणाला, "छे, इतकी बेअक्कल नसते सिस्टीम." दुसरा म्हणाला, "माझ्याकडे धुतली होती." तेव्हापासून मी मागच्या खोलीत बसून काम करते. डबाही तिथेच खाते. मशीनचा पंखा घरघरतो तोवर मला घास उतरतो. साहेब दारातून डोकावून म्हणाले, "काय, अंडी उबवतेस का?" मी हसले. नीट हसले असेन असं वाटत नाही.

मशीनवर मी कागद लावला, "हे मशीन बंद करू नये." ही माझी दुसरी चूक. त्याआधी त्या मशीनकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. कागद लागल्यापासून येणारा-जाणारा थांबून बघतो आणि काळा पडदा पाहून म्हणतो, "अगं, पण हे बंदच आहे." शुक्रवारी मी हात धुवायला गेले आणि परत येते तर बांधणीवाले काका मशीनपुढे वाकलेले, बोट मोठ्या बटणापासून पेरभर दूर. ते बटण दाबलं की मशीन रीतसर बंद व्हायला लागतं, म्हणजे आधी लॉग ऑफ. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण काकांच्या हातातला चहा त्यांच्याच शर्टावर गेला.

"अगं, चालू करून देत होतो! तूच लिहिलंयस ना, बंद करू नये म्हणून?"

"काका, ते चालूच आहे."

"मग दिवा का नाही?"

"पडद्याला नाही. आत चालू आहे."

काका शर्ट झटकत म्हणाले, "आमच्या हिच्यासारखं. वरून गप्प, आत चालू." आणि गेले. मी त्या बटणावर पेनांच्या डब्याचं झाकण उलटं चिकटवलं.

खरं संकट पुढे आहे. येत्या शुक्रवारी, वीस तारखेला, सकाळी नऊ वाजता वीजवाला येतोय. मुख्य बोर्ड बदलणार, दिवसभर वीज नाही. बॅटरी बारा मिनिटं टिकते आणि संपताना मशीनला शहाण्यासारखं बंद व्हायला सांगते. मला नेमका तो शहाणपणा नको आहे. शनिवारी घरी बसून डोकं शांत केलं, तेव्हा लक्षात आलं, की धोका वीज जाण्यात नाही, रीतसर बंद होण्यात आहे. मी नुसती वायर ओढली, तर मशीनला आवरायला वेळच मिळणार नाही, खोली धुतली जाणार नाही, आणि डिस्क काढून दुसरीकडे लावली की सामान जिथल्या तिथे सापडेल. कामावर लागल्यापासून मी सगळ्यांवर ओरडत आलेय, की चालू मशीनची वायर ओढू नका. आता मीच ओढणार. यात तोटा एकच. तू कुलूप लावलंस तेव्हा जे पान उघडं होतं आणि सेव्ह केलं नव्हतंस, तेवढं जाईल. ते एक पान असेल किंवा सगळा चौथा खंड असेल. ते तुलाच माहीत.

हे सगळं गुपचूप करता आलं असतं. वायर ओढायची, डिस्क काढायची, आठ महिन्यांचं सामान नव्या मशीनवर मांडायचं, आणि एखादं पान गेलंच तर "जुनं मशीन, आत्या, व्हायचंच" असं म्हणायचं. तू विश्वास ठेवला असतास, याचीच मला जास्त भीती वाटली. मी शाळेत जायच्या आधी तुझ्या टेबलाशी शिकले. अकारविल्हे क्रम मला सूचीच्या चिठ्ठ्या लावता लावता आला. चुकलेली चिठ्ठी मी फाडली की तू तुकडे जोडायला लावायचीस आणि वर "चूक" लिहून वेगळ्या डब्यात ठेवायचीस. म्हणायचीस, "फाडलेली चूक परत होते, जपलेली होत नाही." त्या चिठ्ठ्या सोडून कॉम्प्युटरवर ये, म्हणून पाच वर्षांपूर्वी तुझ्यामागे मीच लागले होते. "कागद हरवतो, हे हरवत नाही," असं मी तुला सांगितलं होतं. तारीखही आठवते, पण ती लिहीत नाही. तर हे पत्र त्या डब्यात ठेव.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझी,
भाची

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. बुधवारी तुझी पट्टी निघणार. गुरुवारी ताईबरोबर रिक्षाने ऑफिसात येशील का? वाचायचं काही नाही, पडद्याकडे बघायचंही नाही. डोळे मिटून बस आणि फक्त पासवर्ड टाइप कर. तुझ्या बोटांना तो पाठ आहे. पुढे सेव्ह मी करेन, नक्कल मी काढेन. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पाठवू नकोस, ताईलाही सांगू नकोस. (ताई, तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. नियम आहे.)

ता. क. दुसरा. सेव्ह करतेस ना गं तू? हा प्रश्न मला पहिल्या ओळीत विचारायचा होता.

ता. क. तिसरा. ताई, कंसातलं मनात वाच असं म्हणाले होते. आता वाटतं, तेही मोठ्याने वाच. तिच्यापासून लपवून लिहिलेलं आता काहीच नको.

ता. क. चौथा. हे पत्र उद्या सकाळी बांधणीवाले काका आणून देतील. त्यांना चहा विचार, पण कप टेबलावर ठेव. साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. गुरुवारी दहा वाजता सांगेन, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. मग मागच्या खोलीत तुझी वाट पाहीन. तू नाही आलीस तर, गुरुवारी, एकोणीस तारखेला, दुपारी बरोबर चार वाजता मी वायर ओढणार आहे.