रुमाल्याच्या पिस्तुलाला कुंकू

ट्रॉय,
६ ऑक्टोबर २०२५

ती. शैलजाताईस,
परीक्षितचा सा. न. (गुडघ्यांमुळे अष्टांगांपैकी सहाच). वि. वि.

दसऱ्याला आलीस, श्रीखंड चापलंस, इथवर ठीक. पण माझं सीलबंद कॉमिक प्लॅस्टिकची पेटी फोडून बाहेर काढलंस आणि कव्हरवरच्या आपल्या काउबॉयच्या, रुमाल्याच्या, पिस्तुलाला हळद-कुंकू वाहिलंस? वर शुभा म्हणते, पूजा छान दिसत होती. बायकोसुद्धा फितूर. साठ वर्षांपूर्वीचा अंक आहे तो, मीही कधी उघडला नव्हता. फोन उचलत नाही, कारण तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही. भाऊबीजेला तुझ्याकडे अर्विंगला येणं कॅन्सल केलंय.

रागावलेला,
परीक्षित


अर्विंग,
१० ऑक्टोबर २०२५

चि. परीक्षित यास अ. उ. आ. (रुसलास तरी आशीर्वाद परत घेता येत नाहीत.)

दसऱ्याला शस्त्रं पूजतात. तुझ्या घरात शस्त्रं दोनच, भाजीची सुरी आणि रुमाल्याचं पिस्तूल. त्याला सोडून मी काय मिक्सर पूजायचा होता? पेटी फोडली ती तुझ्याच गॅरेजमधल्या पकडीनं.

आणि हो, नंतर मी तो अंक वाचला. लहानपणी मिरजेत, अमेरिकन डॉक्टरांच्या रद्दीत आपल्याला अर्धीच गोष्ट मिळाली होती. रुमाल्याच्या गळ्यात फास, शेरीफचा हात त्याच्या तोंडावरच्या रुमालाला, आणि बाकी पुढच्या अंकी. तो पुढचा अंक तू इथे अमेरिकेत हुडकून आणलास आणि मुरायला घातलेल्या लोणच्यासारखा ठेवून दिलास. आता रुमालाआड कोण होतं ते मला ठाऊक आहे, तुला नाही. भाऊबीजेला ये, ओवाळून झालं की सांगते.

तुझा लोभ आटला असेल, माझा दोघांना पुरेल.
ताई


ट्रॉय,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

सांगू नकोस. फोनवर नको, पत्रात नको, शुभाच्या कानात तर अजिबात नको.

कुंकवाचा राग केव्हाच गेला. तू एकटीनं वाचलंस, याचा आहे. तो अंक तुझ्यासोबत वाचायचा म्हणून ठेवला होता. तू यायचीस, तुझ्या जावयाच्या कागाळ्या आणि मॉलमधल्या खरेदीत दिवस जायचे, मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. आता मला वाचता येत नाही, ताई. नजरेच्या मधोमध धुरकट डाग आहे. चित्रातला घोडा दिसतो, बोलण्याच्या फुग्यातली अक्षरं दिसत नाहीत. डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत, पण गेलेलं परत येणार नाही म्हणतात. हे पत्रसुद्धा शुभा लिहून घेतेय. आपल्या घरात सवयीनं लपवता येतं, दुसरीकडे नाही; एवढ्याचसाठी तुझ्याकडे यायचं टाळत होतो. मला फार भीती वाटते.

तुझा धाकटा,
परीक्षित


अर्विंग,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. परीक्षितला आशीर्वाद, आणि लिहिणाऱ्या शुभालाही.

मूर्खा, हे आधी सांगायला काय झालं होतं? पत्र वाचून रडले, मग तुला मनसोक्त शिव्या घातल्या, मग तिकीट काढलं. बुधवारी संध्याकाळी पोचते. भाऊबीज तुझ्याकडेच करू.

गोष्ट मी पहिल्या पानापासून वाचणार, घोड्यांच्या टापांसकट. माझ्या शेरीफच्या आवाजाला हसायचं नाही. शेवट तद्दन टुकार आहे, आधीच सांगून ठेवते. तुला आवडला नाही तर तिथल्या तिथे दुसरा रचून वाचेन. तुला कुठे पकडता येणार आहे?

लोभ मागत बसू नकोस, घेऊन येतेय.
ताई