लाँड्रीवरच्या खोल्यांची निरवानिरव

मी, या तीन मजली घराची मालकीण आणि त्याच्या तळमजल्यावरची लाँड्री आजवर चालवणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अकलेने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी ‘स्वभाव तापट’ असेही लिहिले आहे. ते मी काढायला लावले नाही, कारण खरे आहे. मात्र तापट बाई आणि वेडी बाई यांतला फरक माझ्या मुलाच्या वकिलाने नीट ध्यानात ठेवावा. यापूर्वी मी काही लिहून ठेवलेले सापडले तर ते रद्द समजावे.

कलम १. घर

हे घर मी आणि माझ्या नवऱ्याने लोकांच्या चादरी धुऊन उभे केले. यात वडिलोपार्जित एक वीटही नाही, त्यामुळे यावर कोणाचा जन्मापासूनचा हक्कही नाही. (हे वाक्य वकिलांनी घालायला सांगितले. मला आवडले.) नवरा गेल्यावर वरचे दोन मजले रिकामे पडले, तेव्हा निर्वासितांना आसरा देणाऱ्या संस्थेला मी ते वापरायला दिले. आपला देश सोडून जीव मुठीत धरून आलेली माणसे तिथे राहतात आणि इथे राहण्याची परवानगी मिळते की नाही याची वाट बघतात.

माझ्या मागे हे सगळे घर, लाँड्रीसकट, मी त्या संस्थेला देत आहे. पण कलम ३ मधल्या अटी पाळल्या तरच. एक जरी अट मोडली तरी घर संस्थेकडून काढून घ्यावे आणि अग्निशमन दलाच्या कल्याण निधीला द्यावे. तेही न विचारता लोकांच्या दारातून आत शिरतात, पण निदान आत आग लागलेली असते.

कलम २. मुलगा

मी दवाखान्यात असताना माझा मुलगा भेटायला आला आणि बसायच्या आधी म्हणाला, “परक्यांना आसरा, आणि पोटच्या पोराला काय?” मी म्हटले, “पोटच्या पोराला डोक्यावर छप्पर आहे. दोन आहेत, एक सुट्टीत जायला.” त्यावर तो म्हणाला, “आई, तू हल्ली काहीही बोलतेस,” आणि डॉक्टरांना बाहेर नेऊन माझ्या स्मरणशक्तीची चौकशी केली. ती कशासाठी केली हे कळायला स्मरणशक्ती लागत नाही.

पुढच्याच आठवड्यात तो एका बिल्डरला घेऊन घरी गेला. वरची माणसे जेवत होती. त्यांच्या ताटांवरून टेप ओढून दोघांनी खोल्यांची मापे घेतली. कोणी एक शब्द बोलले नाही, कारण परवानगीची वाट बघणारा माणूस कोणाशीच भांडू शकत नाही. हे माझ्या मुलाला ठाऊक होते, आणि म्हणूनच तो मी नसताना गेला.

त्याला मी त्याच्या बापाची कोळशाची मोठी इस्त्री देते. ती फार जड आहे. त्याने ती आयुष्यात कधी उचलली नाही, आता उचलावी. मला त्याचा संताप येतो, आणि तो माझा मुलगा आहे म्हणून जास्त येतो. लहानपणी तो गरम चादरींच्या ढिगाऱ्यात झोपायचा आणि त्याला उठवायला नको म्हणून आम्ही गिऱ्हाइकांना उद्या या म्हणायचो. ते पोर कुठे गेले, मला खरेच कळत नाही. या मृत्युपत्राला त्याने आव्हान दिले तर इस्त्रीसुद्धा त्याला मिळणार नाही.

कलम ३. संस्थेसाठी अटी

संस्थेच्या संचालकबाईंनी मला सुचवले होते की घर ‘विनाअट द्यावे, म्हणजे कामात लवचिकता राहते’. बाई, लवचिकता इलॅस्टिकला शोभते. तुम्ही हे काम हाती घेतले नसते तर ही माणसे बसस्टँडवर असती, हे मी मानते. त्यांना औषधे तुम्ही मिळवून दिलीत, पोरांना शाळेत तुम्ही घातलेत. म्हणून तर घर तुम्हालाच देत आहे. पण चांगले काम करणाऱ्यांना एक खोड लागते: आपण उपकार करतोय, मग दार कशाला वाजवायचे?

(अ) प्रत्येक खोलीला आतून कडी राहील. पाहणीच्या नावाखाली संस्थेने सुतार आणून कड्या काढल्या, तेव्हा मी गरम पाण्याच्या टाकीपाशी कामात होते, नाहीतर त्या सुताराला पाना घेऊन जिना उतरवला असता. ज्या माणसांच्या घराची दारे लाथेने उघडली गेली, त्यांच्या दाराच्या कड्या तुम्ही सुरक्षिततेसाठी काढता? कड्या मी माझ्या खर्चाने पुन्हा बसवल्या आहेत. त्यांना हात लावू नये. पाहणी करायची असेल तर दार वाजवावे आणि आतून ‘या’ ऐकू येईपर्यंत बाहेर उभे राहावे.

(आ) देणगीदार आले की राहणाऱ्यांना खाली बोलावून ‘तुमची कहाणी सांगा’ म्हणायचे, हा प्रकार या घरात बंद. पाहुण्यांना चहा द्यावा, बिस्किटे द्यावीत. रडणे देऊ नये.

(इ) संस्थेचा नियम आहे की एखाद्याचा अर्ज सरकारने शेवटचा फेटाळला की त्याने महिन्याच्या आत खोली रिकामी करायची. हा नियम या घरात लागू नाही. ज्याला नकार मिळाला त्यालाच तर खोलीची जास्त गरज असते, एवढे समजायला समिती बसवावी लागते का? अशा माणसाची दुसरीकडे पक्की सोय होईपर्यंत तो इथेच राहील. ही अट सगळ्यांत मोठी आहे. बाकीच्या मोडल्यात तर मी चिडेन. ही मोडलीत तर माझे घर तुम्हाला पचणार नाही.

कलम ४. समोरचा चष्मेवाला

यांनी ‘गल्लीतले वातावरण बिघडते’ म्हणून घराविरुद्ध सह्या गोळा केल्या, आणि त्याच हाताने माझ्याकडे धुवायला कपडे पाठवत राहिले. ते कपडे वरचीच माणसे धूत होती, हे मी त्यांना मुद्दाम कधी सांगितले नाही. आता सांगते. त्यांचा एक करडा कोट न्यायचा राहिला आहे. तो धुऊन, इस्त्री करून टांगलेला आहे. दुसरे काहीही त्यांना मिळणार नाही.

कलम ५. यंत्रे आणि लाँड्री

धुण्याची यंत्रे, वाळवण्याचे यंत्र, इस्त्रीची टेबले घराबरोबरच राहतील. वर राहणाऱ्यांपैकी ज्यांना काम करायची परवानगी मिळेल त्यांनी लाँड्री चालवावी. ज्यांना मिळाली नाही त्यांना कायदा काम करू देत नाही आणि वर्तमानपत्र आयतखाऊ म्हणते. अशांनी आपले कपडे फुकट धुवावेत, आणि ते वर्तमानपत्र दमट बुटांत कोंबावे.

कलम ६. (हे कलम मी माझ्या हाताने खोडले आहे. का, ते खाली लिहिते.)

सगळ्यांत वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहते. फाटलेले कपडे तीच रफू करते, आणि मी आजारी पडल्यापासून मला न्हाऊ-माखूही तीच घालते. मला ती मावशी म्हणते. या कलमात मी तिच्या नावाने तिची खोली तिला मरेपर्यंत दिली होती, कारण तिचा अर्ज दोनदा फेटाळला गेला आहे आणि तिसरा शेवटचा आहे.

ते दोन अर्ज कसे फेटाळले ते ऐका. पहिल्या वेळी अधिकाऱ्याने विचारले, तुमच्या नवऱ्याला न्यायला आलेली माणसे कशी होती? तिने सांगितले: एकाच्या कॉलरची शिलाई उसवलेली, दुसऱ्याच्या शर्टाला मधले बटण वेगळ्या रंगाचे, तिसऱ्याची बाही नुकतीच आखूड केलेली. अधिकाऱ्याने लिहिले, घाबरलेल्या माणसाला इतके आठवत नाही, कथा पाठ केलेली दिसते. दुसऱ्या वेळी बिचारीने थोडक्यात सांगितले. त्यावर लिहिले की तपशील गळाले आहेत, सबब विश्वास ठेवता येत नाही. अहो, ती शिंपीण आहे! समोर कोणी बंदूक घेऊन उभा राहिला तरी तिची नजर आधी शिवणीवर जाणार. मी जन्मभर कपडे धुतले, मीही माणूस त्याच्या कॉलरवरून ओळखते. मला कोणी विचारले असते तर मी सांगितले असते. कोणी विचारले नाही.

साक्षीदार ठरवताना मी म्हटले, एक डॉक्टर आणि दुसरी ही. वकील खुर्चीत मागे रेलले. “मावशी, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्ष केली तर त्याचं मिळालेलं जातं. शिवाय तुमचा मुलगा कोर्टात विचारेल, जिच्यावर सरकारनं विश्वास ठेवला नाही तिच्यावर आम्ही का ठेवावा? सगळं घर पणाला लागेल.” मी म्हटले, राहू दे मग, खोली महत्त्वाची.

ती कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी खाली ठेवून म्हणाली, “माझं नाव खोडा. नकार मिळालेल्या सगळ्यांसाठी लिहिलंय तेवढं पुरे. मला सही करायचीय.”

“घर गेलं तर?” वकील म्हणाले.

“कोर्टात मला विचारतील ना, काय पाहिलं ते? मग सांगेन. सगळं सांगेन, या वेळी काही गाळणार नाही.”

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी पेन मागितले.

कलम ७. व्यवस्था

या मृत्युपत्राचा अंमल माझे वकील करतील. माझ्या मागे भाषणे नकोत, विशेषतः संचालकबाईंचे. शेवटच्या वेळी माझ्या अंगावर मीच धुतलेली चादर घालावी. साक्षीदार क्रमांक दोनने आपण जे पाहिले ते आपल्या शब्दांत, हवे तेवढे लिहावे. त्यातला एकही शब्द कोणी लांब म्हणून कापू नये.

ठिकाण: तळमजला, इस्त्रीचे टेबल.
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तीच.

मृत्युपत्र करणारीची सही: (लाँड्रीवाली)

साक्षीदार क्रमांक एक, डॉक्टर: वरील बाईंनी माझ्यासमक्ष, पूर्ण शुद्धीत सही केली. (सही)

साक्षीदार क्रमांक दोन, शिवणकाम करणारी: मावशींनी सही केली तेव्हा मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. त्यांच्या अंगात निळा सुती झगा होता, उजव्या बाहीची दुमड हाताने टाचलेली, पांढऱ्या दोऱ्याने, कारण निळा संपला होता. गळ्याचे वरचे बटण उघडे होते. कलम सहा त्यांनी खोडले तेव्हा रेघ दोनदा ओढली, दुसरी जोरात. मग सही केली. कोणी त्यांना धरले नव्हते, कोणी काही सांगत नव्हते. पेन खाली ठेवून त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता तू.” हे सगळे मी स्वतः पाहिले आहे. (सही)