ते दार तसंच राहू दे

प्रिय धाकट्या,

फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. आजोबांची हत्यारांची पेटी तुला कधी पाठवते, ही पहिली. दुसरी तू ओरडून विचारलीस, म्हणून मी फोन ठेवून दिला. दोन्हींची उत्तरं देते, पण माझ्या पद्धतीने, आणि मधे बोलायचं नाही. पत्राचा तेवढा तरी फायदा.

आजोबा त्यांना शोभेल असेच गेले. समोरच्या शिंपीणबाईंच्या मशीनचं पायडल मांडीवर, हातात पेचकस आणि डोळे मिटलेले. बाईंना वाटलं, म्हातारा विचार करतोय, म्हणून त्यांनी चहा झाकून ठेवला. नव्वदी ओलांडलेला माणूस, पण गल्लीत त्यांचा हात लागला नाही असं घर नव्हतं. लंगड्या टपालवाल्याला कुबड्या करून दिल्या, आणि त्या काखेत रुतू नयेत म्हणून स्वतःच्या एकुलत्या एक कोटाचं अस्तर फाडून वर गुंडाळलं. आजी त्यापायी कितीतरी दिवस त्यांच्याशी भिंतीकडे बघून बोलत होती. कुणी पैसे विचारले की म्हणायचे, आधी चालतंय का बघा, मग बघू. ते 'मग' कधी आलंच नाही. त्यांना नेताना सगळी गल्ली दारात उभी होती आणि जो तो म्हणत होता, काय हात होता! तूही रडलास. मी त्यांच्यावर गेलोय, असं चारचौघांत म्हणालास. हात तुझा खरंच त्यांच्यासारखा आहे. म्हणूनच पुढचं तुला कळायला हवं.

बाबांचा उजवा हात वाकडा का, तर ते शिडीवरून पडले. आईने ही शिडी खास तुझ्यासाठी रचली. शिडीबिडी काही नव्हती रे.

बाबा आईला मारायचे. लिहिलं एकदाचं. दारू नाही, कसलं व्यसन नाही. कामावरून यायचे, चपला नीट जोडीने ठेवायचे, आणि शर्टाची बाही दुमडायला लागले की मी टेबलाखाली जायचे. खुर्ची भिंतीवर फेकायचे. आईचे केस धरून तिचं डोकं कपाटावर आपटायचे, काचा तिच्या अंगावर पडायच्या. ती खोलीत जाऊन कडी लावायची, तर लाथा घालून कडी उखडायचे. मी ओरडत नसे. ओरडलं की मार लांबतो, हे मला अक्षरं कळायच्या आधी कळलं होतं.

आणि मग खालच्या मजल्यावरून आजोबा वर यायचे, पेटी घेऊन. खुर्चीचा पाय सरसाने चिकटवायचे, कडी नव्याने ठोकायचे, कपाटाला काच बसवून वर फडकं मारायचे. जेवणाच्या वेळेपर्यंत घर असं व्हायचं की जणू काही घडलंच नाही. आई तोंड धुऊन ताटं वाढायची. शेजारीण आलीच तर म्हणायची, तुमचं घर किती नीटनेटकं हो! मोडलेलं जोडलं की झालं, असं आजोबांना मनापासून वाटायचं. जन्मभर त्यांनी तेच तर केलं होतं. पण घरात तुटलेलं काही दिसेना, म्हणून कुणी काही विचारीना, आणि बाबांनाही वाटायला लागलं की आपल्या हातून काही तुटतच नाही.

त्या दुपारी तू आईच्या कडेवर होतास. बाबांनी तिच्या तोंडावर गुद्दा मारला. तुला लागू नये म्हणून ती अंग वळवून पाठीवर पडली, आणि पडलेलीला त्यांनी लाथा घातल्या. आजोबा नेहमीसारखे पेटी घेऊन आले. आईचे दात फरशीवर पडले होते. आजोबांनी वाकून ते उचलले, सवयच ती, आणि तळहातावर घेऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिले, कुठला कुठे बसतो ते शोधत असल्यासारखे. दात त्यांनी रुमालात बांधले. पेटीतून लाकडी हातोडा काढला. बाबांचं मनगट धरून टेबलावर दाबलं आणि घाव घातला. वाळकी फळी मोडावी तसा आवाज झाला. बाबा किंचाळले, सोडा म्हणाले, तर आजोबांनी आणखी एक घातला. रक्त टेबलाच्या कडेवरून माझ्या पायावर ठिबकत होतं. मग तिथेच बसून त्यांनी लाकडाच्या पट्ट्या तासल्या, टोचू नयेत म्हणून काठ घासले, हात बांधला आणि बाबांना दवाखान्यात नेलं. हात बरा होईपर्यंत आपल्या मुलाला ते स्वतः घास भरवत होते, आणि भरवताना रडत होते. पण त्या दिवशी फुटलेल्या एकाही वस्तूला त्यांनी हात लावला नाही. कुणी आलं की आई फुटकं कपाट झाकायला धावायची. आजोबा दार सताड उघडायचे. बघू दे, म्हणायचे, सगळ्यांना बघू दे.

बाबांनी पुन्हा हात उगारला नाही. भीतीने की शरमेने, मला ठाऊक नाही. खूप वर्षांनी मी आजोबांना विचारलं, पस्तावा होतो का? म्हणाले, होतो तर. हातोड्याचा नाही गं, सरसाचा.

आता तुझी उत्तरं. हो, तुझी बायको माझ्याकडे आहे. तिचा डावा डोळा उघडत नाही, बरगडी मोडली आहे. जिन्यावरून पडले, म्हणते. आपल्या घराला शिड्या आणि जिने फार वाईट लाभलेत. आणि पेटी. झोपायच्या खोलीच्या दाराची चौकट फुटली आहे, पेटी लगेच पाठव, मी चौकट अशी बसवतो की कुणाला कळणारही नाही, असं तू म्हणालास. पेटी मिळणार नाही. ते दार तसंच राहू दे. दूधवाल्याला दिसू दे, तुझ्या मित्रांना दिसू दे, रोज उठून तुला दिसू दे. तिला न्यायला येऊ नकोस. तुझं नाक पुसून मी तुला वाढवलंय, माझा जीव आहे तुझ्यावर. पण हातोडा मी पेटीतून काढून दाराशी ठेवला आहे. आलास तर तुझा हात मी टेबलावर दाबेन, आणि मग पट्ट्या बांधून तुला घासही मीच भरवीन.

तुझीच,
ताई