फिटरच्या डाव्या डोळ्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, वेधशाळेतून निवृत्त, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी हात धरून हे लिहवून घेतलेले नाही. धरायला आला असता तर त्याची खैर नव्हती. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. हेही रागातच लिहिते आहे, पण हा राग माझा माझ्यावर आहे.

कलम एक. बँकेतली शिल्लक आणि दोन बांगड्या धाकट्या बहिणीला. विधवा झाल्यापासून ती माझ्याकडे राहिली आणि माझी बोलणी खात आली. एकदा मी भिरकावलेली बशी तिच्या कपाळाला लागली, चार टाके पडले, तर शेजारणीला म्हणाली दार लागलं. बाई गं, इतकं सोसायचं नसतं.

कलम दोन. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, माझी सगळी पुस्तके. मी दवाखान्यात असताना त्याने टेप घेऊन या घराच्या खोल्या मोजल्या. मोजायची एवढी हौस आहे तर पुस्तके मोजावीत.

कलम तीन. हे राहते घर, मागच्या शेडमधल्या लेथ आणि पान्यांच्या पेटीसह, वेधशाळेच्या कर्मशाळेतल्या फिटरला द्यावे. वकीलबाई म्हणाल्या, कारण लिहायची गरज नाही. मला आहे.

एकतीस वर्षे मी एकाच ताऱ्याचे वेध घेतले. लाल महाराक्षसी तारा. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. लोकांना वाटते तारा म्हणजे शांत, लुकलुकणारा. हा खदखदतो. त्याच्या अंगावर सूर्याहून मोठ्या उकळ्या फुटतात. तापलेला वायू उसळतो, थंडावतो, कोसळतो, आणि वर येणारा नि खाली पडणारा एकमेकांवर आदळतात, सेकंदाला वीस-वीस किलोमीटरच्या वेगाने. थोडा वायू परत पडतच नाही. तारा आपलीच कातडी सोलून बाहेर फेकतो आणि तिची धूळ होते. आम्हाला हे दिसते ते ताऱ्याचा प्रकाश फाकवून फोटोच्या काचेच्या पट्टीवर उमटवलेल्या बारीक रेषांतून. वायू आपल्याकडे आला की रेष एकीकडे सरकते, दूर गेला की दुसरीकडे.

सव्वीस वर्षांपूर्वी एका सकाळी पट्ट्या धुऊन पाहते तर प्रत्येक रेष दुहेरी. तीनही पट्ट्यांवर. दुर्बिणीवर पट्टी धरणारी चौकट वेध चालू असताना मध्येच घसरली, असे मी ठरवून टाकले. ती आदल्या आठवड्यात फिटरने आवळली होती. मी तडक कर्मशाळेत गेले आणि सर्वांदेखत त्याच्या हातांचा, शिक्षणाचा, बापाचा उद्धार केला. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "बाई, चौकट हलली असती तर दिव्याच्या रेषाही दुहेरी आल्या असत्या. त्या बघितल्या का?"

प्रत्येक पट्टीच्या कडेला, वेध सुरू करताना आणि संपवताना, आम्ही एका ठरलेल्या दिव्याच्या रेषा पडताळ्यासाठी उमटवतो. मी त्या बघितल्या नव्हत्या. फिटरने मला माझे काम शिकवावे, हे मला झोंबले. बाकावरचा मोठा पाना उचलून त्याच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी पुन्हा हाणला. तिसऱ्यांदा लोकांनी माझा हात धरला. त्याचा डावा डोळा गेला.

अहवाल मीच लिहिला. पाना निसटून अपघात, कामगाराची हयगय. कर्मशाळेतले सगळे मूग गिळून बसले. त्याला कामावरून काढले.

अकरा वर्षांनी दुसऱ्या एका वेधशाळेने त्याच ताऱ्याच्या दुहेरी रेषा छापल्या. मी कपाटातून माझ्या पट्ट्या काढल्या. दिव्याच्या रेषा एकेरी होत्या, अगदी स्वच्छ. चौकट जागची हलली नव्हती. मी पाहिली होती ती ताऱ्यावरची खरीखुरी टक्कर, येणारा आणि जाणारा वायू एकाच वेळी. मग मी काय केले? आम्ही हे आधीच पाहिले होते म्हणून त्याच पट्ट्यांवर निबंध छापला आणि पदक घेतले. फिटरचे नाव कुठेही नाही. लाज वाटते म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

म्हणून स्पष्ट लिहिते. चौकट त्याने नीट आवळली होती. अपघात झालाच नव्हता. मी त्याला मारले. अहवाल खोटा आहे. या कलमाची प्रत वेधशाळेला द्यावी आणि पदक परत करावे.

कलम चार, आज लिहिलेले. वकीलबाईंच्या निरोपावरून फिटर आज घरी आला. बहिणीने दिलेला चहा त्याने घेतला नाही. कलम तीन मोठ्याने वाचायला सांगितले, मग खाली सह्या कोणाच्या होणार ते विचारले. वकीलबाई म्हणाल्या, त्यांचा कारकून आणि शेजारी. त्याने पेन मागितले. वकीलबाई घाईघाईने म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, सही केली की घर गेले. शिवाय साक्षीदार नुसता सहीचा असतो, मजकुराचा नाही.

तो म्हणाला, "त्या दिवशी कर्मशाळेत वीस जण बघत होते. एकानेही सही केली नाही. ही मी करणार."

मी ओरडले, देते आहे तर घे की. तो म्हणाला, तुमच्या हातून काही घ्यायचे नाही. मग मी ते विचारले, जे विचारायची माझी लायकी नाही.

"नाही केलं माफ," तो म्हणाला. "आणि तसं लिहूही नका."

तसे लिहिलेले नाही. घर आता वारस म्हणून बहिणीकडे जाईल आणि पुढेमागे भाच्याचे फावेल. फावू दे. कलम तीनमधला एकही शब्द मात्र गाळू नये.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, दोघांच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत.

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: वकीलबाईंचा कारकून (सही)

साक्षीदार दुसरा: फिटर, वेधशाळा (सही)

खुलासा: दुसऱ्या साक्षीदाराच्या हुद्द्याआधी कारकुनाने 'माजी' असे लिहिले होते. ते साक्षीदाराने स्वतःच्या हाताने खोडले आहे. खाडाखोड मला मान्य. (सही)