कवठ्याच्या कपारीतल्या पाकोळ्या

कवठे येमाई, १२ मे १९७४

ती. सौ. रंभाताईस, साहेबरावचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कॉलेजाने दिलेलं पाकोळ्यांचं काम रंगात आलंय. ही लहान वटवाघळं ओढ्याकडेच्या कपारीत राहतात आणि सांजच्याला उडता उडता किडे टिपतात. काही माझ्या खोलीत, जाळीच्या पिंजऱ्यात आहेत. त्यांना मात्र झुरळं चिमट्याने भरवावी लागतात. हस तू, तुझा भाऊ दाई झालाय.

काळजी एकच. इथले बागायतदार पोपटराव यांची लेक तापाने गेली. पाकोळ्यांनीच तिचं रक्त शोषलं, असं ते म्हणतात. या फक्त किडे खातात, असं मी चावडीवर सांगून पाहिलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "आता तुझ्याकडनं शिकायचं व्हय आम्ही?"

दाजींना जयभीम. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा साहेबराव


शिरूर, दवाखाना, २० मे

ती. सौ. रंभाताईस, जयभीम.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. काल भर दुपारी पोपटरावांनी माणसं आणून कपारीत कडबा कोंबला आणि रॉकेल ओतून पेटवला. पोटाशी पिल्लं धरलेल्या पाकोळ्या जळत बाहेर पडत होत्या, माणसं त्यांना काठ्यांनी झोडपत होती. मी कडबा ओढायला धावलो. मग त्याच काठ्या माझ्यावर फिरल्या. उजवा हात मोडला, पुढचे दात गेले. कपारीत काही जिवंत उरलं नाही. पिंजरा खोलीतच आहे, पण तू तिकडे जाऊ नकोस.

तुझाच साहेबराव


मु. राहू, २६ मे

चि. साहेबरावास रंभाताईचा आशीर्वाद आन् जयभीम.

तू नको म्हणालास तरी मी ह्यास्नी घेऊन गेले. पिंजरा उचलून निघाले तर पोपटराव दारात आडवा. म्हणाला, खाली ठेव, हितंच जाळतो. म्या म्हणलं, "तुमची लेक गेली, वाईट झालं. पण माझ्या भावाला का मारलं?"

त्यानं काठीच घातली. डोकं फुटलं, डोळ्यात रगत उतरलं. ह्यांनी त्याला धरला तवा दोघं धुळीत लोळले. म्या पिंजरा सोडला न्हाई. काही पाकोळ्या उपाशी मेल्या हुत्या. ऱ्हायलेल्या हितं हायेत, भरवताना बोट फोडत्यात.

पाकोळ्यांपायी कसली केस, म्हणून फौजदार लिवून घेईना. म्या रक्ताच्या लुगड्यानिशी तिथंच बसून ऱ्हायले, तवा लिवली. काल पोपटरावाचा माणूस आला, मिटवून घ्या म्हणाला. त्याला चहा पाजला आन् न्हाई म्हणून सांगून वाटंला लावला.

पुढल्या सोमवारी फौजदाराकडं जबाब हाय. हात गळ्यात बांधून ये. मीबी पट्टी काढनार न्हाई.

जिवाला जप.

तुझी रंभाताई